पासपोर्ट तपासलेलं कणीस

शालनकाकूंशी कोणी कितीही जिव्हाळ्याचं बोलत असो, त्या मधेच हात वर करून सांगायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची?" वाढवायची म्हटलं की आणखी तीन मिळायची. नाही म्हटलं की काकू पदर खोचून चालू लागायच्या. माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या भेटायला आल्या. आईनं दुखण्याच्या पहिल्या रात्रीपासून सुरुवात केली आणि डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आत तिची तीन मिनिटं भरली. आई इतकी चिडली की तिला हसू आलं, आणि हसल्यावर टाके दुखले.

यात उद्धटपणा काही नव्हता. काकूंनी उभा जन्म टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडले होते. तेव्हा परगावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला नंबर सांगून वाट बघत बसायचं, आणि लागलाच फोन तर मधे एक बाई तीन मिनिटं झाल्याचं सांगायची. ती बाई म्हणजे आमच्या शालनकाकू. अर्ध्या पुण्याची लग्नं, बारशी आणि भावाभावांची भांडणं त्यांनी तुकड्यातुकड्यांनी ऐकलेली. मग गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले, ट्रंक कॉल संपला आणि काकूंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. एसटीडीवर त्यांचा तेव्हापासून दात होता.

कर्वेनगरला आमच्या सोसायटीत त्या पहिल्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. मी नुकतीच हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागले होते. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधून दाखवायच्या. पुण्यात हे काम फुकट करणारे इतके लोक असताना मला त्याचा पगार मिळतो, याचं काकूंना भारी कौतुक होतं.

यजमान आधीच गेलेले. एकुलता एक मकरंद न्यू जर्सीला. सुनेच्या बाळंतपणासाठी काकू सहा महिने तिकडे जाऊन आल्या, आणि परत आल्या त्या अमेरिकन स्वयंपाकातल्या तज्ज्ञ होऊन. आता आमच्या सोसायटीत अमेरिकेला जाऊन आलेले पैशाला पासरी होते. पण ते बाकीचे धबधबा, पुतळा आणि स्वच्छ रस्ते सांगायचे. काकू फक्त गाड्या सांगायच्या. मोटारी नव्हे, खाण्याच्या हातगाड्या.

"मला दिली होती तळघरातली खोली," त्या सांगत. "गालिचा काय, वेगळी मोरी काय, सगळं छान. पण खिडकी गवताच्या पातळीला. येणाऱ्या-जाणाऱ्याचे फक्त बूट दिसणार. आणि येणारं-जाणारं तर कुत्रं नाही. मी आपली दिवसभर बूट दिसतात का बघत बसायची."

मकरंदनं त्यांना खास अमेरिकन जेवायला म्हणून एका मोठ्या हॉटेलात नेलं. काकू शाकाहारी. त्यांच्या वाट्याला तळलेले बटाटे आले. पुढच्या रविवारी दुसऱ्या हॉटेलात उकडलेले बटाटे आले. तिसऱ्या रविवारी काकू म्हणाल्या, "बाळा, मी घरीच थांबते, नाहीतर मला कोंब फुटतील."

मग एक दिवस नातवाला बाबागाडीत घालून त्या चालत चालत रेल्वे स्टेशनापर्यंत गेल्या आणि तिथे त्यांना खरी अमेरिका भेटली. स्टेशनाबाहेर ओळीनं गाड्या. एक मेक्सिकोची बाई कणसं भाजत होती. भाजलेल्या कणसावर लोणी की काय ते फासायचं, वर चीज, तिखट आणि लिंबू. तिच्या शेजारी इजिप्तचा माणूस चण्याचे वडे तळत होता. त्यापलीकडे एक चिनी जोडपं. काकूंच्या भाषेत ते "उकडीचे मोदक विकत होते, फक्त आत कोबी." काकू प्रत्येकाला बोटानं विचारायच्या, यात मांसमच्छी आहे का. प्रत्येक जण मान हलवून नाही म्हणायचा आणि काकू विश्वासानं खायच्या. तो विश्वास कितपत बरोबर होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि तुम्हीही विचारू नका.

त्या कणीसवालीचं नाव लुपे. काकूंची लुपाबाई. एकीला मराठी येत होतं, दुसरीला स्पॅनिश, आणि दोघी रोज तासभर बोलायच्या. तीन मिनिटांचा नियम जगात फक्त लुपाबाईला लागू नव्हता. "अगं, एकमेकींचं काही कळतच नव्हतं," काकू म्हणायच्या, "मग मिनिटं कशाची मोजायची?" निरोपाच्या दिवशी लुपाबाईनं त्यांना मक्याची भाकरी दाबायचं बिडाचं यंत्र दिलं आणि काकूंनी तिला दोन किलो थालिपिठाची भाजणी. विमानतळावर कस्टमवाल्यानं ते यंत्र बाहेर काढून विचारलं, "ये क्या है?" काकू म्हणाल्या, "पापड का मशीन." तो म्हणाला, "अमेरिका से पापड का मशीन?" काकू म्हणाल्या, "उधर सब मिलता है."

परत आल्या आणि दोन महिन्यांत मकरंदनं विषय काढला. आई, तिथे एकटीचं आता काय आहे? फ्लॅट विकू, कायमची इकडे ये. मुलगा प्रेमानंच म्हणत होता. पण काकूंच्या डोळ्यांपुढे ती गवताच्या पातळीची खिडकी उभी राहिली. नाही म्हणायला काहीतरी कारण हवं. आणि त्याच सुमारास मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं आणि सोसायटीच्या फाटकातला एसटीडीचा बूथ बंद पडला.

काकूंनी तो सोसायटीकडून अकरा महिन्यांच्या करारावर भाड्यानं घेतला. ज्या एसटीडीनं आपली नोकरी घालवली तिच्याच छाताडावर बसून तवा तापवायचा, यात त्यांना काय समाधान होतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. काचेचं केबिन, आतला फोन आणि लाल आकड्यांचं मीटरही त्यांनी तसंच ठेवलं. मीटरवर त्या कणसं भाजायची वेळ लावायच्या. वर पाटी रंगवली, 'लुपाबाई यांचे अस्सल अमेरिकन खाद्यपदार्थ'. आणि मकरंदला फोनवर सांगितलं, "माझं दुकान आहे इथे. दुकान बंद पडलं तर त्याच महिन्यात तिकडे येईन, शब्द आहे माझा. पण चालतंय तोवर विषय काढायचा नाही. तीन मिनिटं झाली." आणि फोन ठेवला.

मकरंद तेव्हापासून दर रविवारी सकाळी बूथवरच फोन करायचा. त्याचा पहिला प्रश्न, "कशी आहेस?" दुसरा, "दुकान चालतंय का?"

चालत होतं! मक्याच्या भाकरीची घडी करून त्यात मटकीची उसळ आणि कात्रजचं आंबट दही, हा टाको. चण्याचा वडा. कोबीचा मोदक. आणि कणीस. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या खोल्यांत पाच-पाच जण मिळून राहणारी अमरावती-अकोल्याकडची मुलं, कोणी कॉलेजात, कोणी माझ्यासारखी हिंजवडीच्या बसला लटकलेली. पुण्याच्या आमटीतल्या गुळानं ती बिचारी गांजली होती. "काकू, तिखट वाढवा ना जी," असं रोज दहा जण म्हणाले की मालाची चव बदलतेच. दोन महिन्यांत लुपाबाईच्या टाकोत वऱ्हाडी ठेचा शिरला. मी म्हटलं, काकू, याला अमेरिकन कसं म्हणायचं? त्या म्हणाल्या, "तिकडे असंच करतात. जो येतो तो आपलं घालतो. नाहीतर उरतो नुसता बटाटा."

हे तत्त्वज्ञान त्यांना मंडईत पक्कं झालं. कणसं घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. गाळ्यावरचा माणूस ओरडत होता, "घ्या, अमेरिकन मका, अमेरिकन!"

"कुठे पिकलाय हा?" काकूंनी दरडावून विचारलं.

"आमच्या जुन्नरला ओ, काकू."

"मग अमेरिकन कसा?"

"बी तिकडचं हाय ना. बी तिकडचं, माती इकडची."

काकू जागच्या जागी थांबल्या. मग त्यांनी भाव न करता चार डझन घेतली. मंडईत भाव न करण्याची त्यांची ती पहिली आणि शेवटची वेळ.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण सोसायटीला अध्यक्ष होते. आगाशेकाका. वजनमापे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले, त्यामुळे समोरचं माप खोटंच असणार, या श्रद्धेनं ते जगाकडे बघत. भिंग कायम शर्टाच्या खिशात. वाढदिवसाच्या केकचा डबा आला तरी आधी वजन वाचायचे, मग शुभेच्छा. तर अकरा महिने संपले, करार वाढवायची वेळ आली आणि आगाशेकाकांनी लेखी हरकत घेतली. फलकावरील 'अस्सल' व 'अमेरिकन' या दोन्ही शब्दांस आक्षेप. सोसायटीच्या आवारात असत्य चालणार नाही. सिद्ध करा, नाहीतर बूथ खाली करा.

"अहो, फक्त पाटी बदला," माझी आई काकूंना म्हणाली. "'चविष्ट' लिहा. संपलं."

"मी लुपाबाईकडे सहा महिने शिकले," काकू म्हणाल्या. "तिची गाडी अमेरिकेत, तिचं गिऱ्हाईक अमेरिकेत, पोलीस येऊन तिला हाकलतात तेही अमेरिकेतले. आणि मी आगाशांना घाबरून पाटीवरून तिची अमेरिका पुसू?" पण रात्री त्यांच्या घरात दिवा बराच वेळ चालू होता. सकाळी त्या मला जिन्यात म्हणाल्या, "बूथ गेला तर मला शब्द पाळावा लागेल गं." तीन मिनिटांचं काही बोलल्या नाहीत.

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे टेबल, टेबलावर पुराव्यादाखल एक कणीस आणि एक टाको. आगाशेकाका उठले. "कणीस जुन्नरचं, मटकी मंडईची, दही कात्रजचं, हात कर्वेनगरचे. यात अमेरिका किती ग्रॅम?"

लोक हसले. काकू उठल्या. "आगाशे, परवा एकादशीला काय खाल्लंत?"

"साबुदाण्याची खिचडी. त्याचा इथे काय संबंध?"

"समोरच्या बंगल्यातले प्राध्यापक वनस्पतिशास्त्र शिकवायचे. ते टाको खाता खाता सांगत होते, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, चारही मूळचे अमेरिका खंडातले. जिरं आणि तूप सोडलं तर तुमची एकादशी पूर्ण अमेरिकन आहे."

"उपासाला मधे आणू नका!" आगाशेकाका ओरडले. त्यांना खरोखरच धक्का बसलेला दिसला. "मला प्राध्यापक नको. अस्सल अमेरिकन माणूस आणा. त्यानं खाऊन सांगावं. तो म्हणेल ते मान्य."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण आमच्या कंपनीत त्या आठवड्यात अमेरिकेहून क्लायंट आला होता, आणि ही बातमी आमच्या आईनं अख्ख्या सोसायटीला पुरवलेली होती. ठरलं. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता अमेरिकन.

पुढच्या रविवारी पार्किंग धुतलेलं, टेबलावर चादर. आगाशेकाका इस्त्रीच्या सफारीत. कोणीतरी हौसेनं नारळही आणून ठेवला होता. मी आमच्या क्लायंटला, ग्रेसला, गाडीतून उतरवलं. ग्रेस बारीक चणीची, काळ्याभोर केसांची, बसक्या नाकाची. ओहायोत जन्मली, ओहायोत वाढली. आई-वडील कोरियाहून तिथे गेलेले. लोकांनी तिला वाकून नमस्कार केला आणि मग सगळे गाडीत डोकावून बघायला लागले.

"अमेरिकन कुठे आहे?" आगाशेकाकांनी मला हळूच विचारलं.

"हीच."

"ही चिनी आहे."

"आई-वडील कोरियाचे, काका. ही जन्मानं अमेरिकन."

"मग कोरियन म्हण की. आपलं काय ठरलं होतं? अस्सल."

ग्रेस माझ्याकडे बघून हसत होती. तिला मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं आणि तरी सगळं कळलेलं होतं. हा प्रसंग तिच्यासाठी नवा नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात काकू पुढे आल्या. "आगाशे, मागच्या दिवाळीत तुमच्या लेकीला कॅलिफोर्नियात मुलगा झाला. तुम्ही दारोदार पेढे वाटलेत. काय म्हणाला होतात?"

आगाशेकाका टेबलावरच्या नारळाकडे बघायला लागले.

"काय म्हणाला होतात? सगळ्यांनी ऐकलंय."

"'नातू जन्मानं अमेरिकन,'" आगाशेवहिनींनीच मागून सांगून टाकलं.

"मी खाल्लाय तो पेढा," काकू म्हणाल्या. "आता ही जर अमेरिकन नसेल तर तुमचा नातूही नाही, माझाही नाही. मग पेढे परत घ्या. सगळ्यांकडून. बी इकडचं आणि माती तिकडची, हेच तर झालंय आपल्या घरोघरी! आधी अमेरिकन माणूस कोण ते ठरवा, मग अमेरिकन कणीस कोणतं ते बघू. तीन मिनिटं झाली. वाढवायची?"

कोणी वाढवा म्हणेना. मग आगाशेकाकांनी पुण्यातला माणूसच करू शकेल असं काम केलं. शर्टाच्या खिशातून भिंग काढलं आणि म्हणाले, "पासपोर्ट दाखवा."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ग्रेसनं मात्र पर्समधून पासपोर्ट काढून दिला. आगाशेकाकांनी पहिल्या पानापासून भिंग लावून तपासला, छापील शिक्क्यांवर बोट फिरवलं, उजेडात धरून बघितलं. मग तो दोन्ही हातांनी परत करून म्हणाले, "बरोबर आहे. बसा."

ग्रेसनं आधी कणीस खाल्लं. मग टाको. ठेच्यानं तिच्या डोळ्यांतून आणि नाकातून घळाघळा पाणी यायला लागलं. आगाशेवहिनी पाणी घेऊन धावल्या. ती पाणी प्यायली आणि तिनं दुसरा टाको मागितला.

"विचार तिला," आगाशेकाका म्हणाले. "हे अमेरिकन आहे का? हो की नाही, एवढंच."

मी विचारलं. ग्रेसनं नाक पुसलं. मग म्हणाली की माझी आई मला डब्यात आमच्याकडचं कोबीचं लोणचं घालून सॉसेजचा पाव द्यायची. शाळेतली मुलं म्हणायची, हे अमेरिकन नाही. शाळा आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर, माझा जन्म तिथलाच. तेव्हापासून हा प्रश्न आला की मी उत्तर देत नाही. पण ही काचेची गाडी माझ्या ऑफिसखाली असती, तर मी रोज रांगेत उभी राहिले असते.

मी ते मराठीत सांगितलं. काकूंनी पुढे होऊन ग्रेसच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. ग्रेस दचकली, पण बसून राहिली.

आगाशेकाकांनी इतिवृत्ताची वही ओढली. ठराव मी स्वतः वाचलाय. 'सदर पदार्थासाठी रांगेत उभे राहण्याची तयारी अमेरिकन नागरिकाने दर्शवली. रांग हे माप ग्राह्य धरण्यात येत आहे. अमेरिकन हा शब्द ठेवावा, अस्सल काढावा. पासपोर्ट पाहिला.' करार वाढला. काकूंनी 'अस्सल' वर रंग फासला आणि पाटीच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'पासपोर्ट तपासला आहे.' लोक लांबून ती पाटी वाचायला यायचे आणि आल्यासारखं कणीस खायचे.

बूथ पुढे बरीच वर्षं चालला. आता काकूही नाहीत आणि बूथही नाही. पण त्या तळघरात राहायला कधी गेल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझ्या पुढच्या सांगण्यावर उगीच सावट यायचं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते मला कंपनीनं दोन वर्षांसाठी ओहायोला पाठवलं तेव्हा. रविवारची सकाळ. मुंबईच्या विमानतळाला जायची टॅक्सी फाटकातून बाहेर पडत होती. तोवर वऱ्हाडातल्या मुलांनी वाकडला फ्लॅट घेतले होते, कोपऱ्यावर मॉल झाला होता, आणि बूथसमोर चिटपाखरू नव्हतं. काकू आत एकट्याच. तव्यावर काही नाही. खांद्याला फोन लावलेला. रविवार सकाळ म्हणजे मकरंद.

टॅक्सीची काच खाली होती. मला स्पष्ट ऐकू आलं.

"चालतंय म्हणजे काय! रांग लागलीये रे. मान वर करायला फुरसत नाही."

मी ड्रायव्हरला म्हटलं, थांबा. उतरले, बूथसमोर गेले आणि उभी राहिले. रांगेत मी एकटी. काकूंनी माझ्याकडे बघितलं, माझ्या टॅक्सीकडे बघितलं, आणि फोन तसाच खांद्याला ठेवून कणीस निखाऱ्यावर टाकलं.

माझ्या मागे कोणीतरी खाकरलं. आगाशेकाका. हातात दुधाची पिशवी. त्यांनीही ऐकलं असणार.

"सोसायटीच्या आवारात असत्य चालणार नाही," ते करड्या आवाजात म्हणाले, आणि माझ्यामागे नीट एका हाताचं अंतर सोडून उभे राहिले.

काकूंचे डोळे भरून आले. पण आवाज होता तसाच, एक्स्चेंजमधला. "ऐकलंस ना?" त्या फोनमध्ये म्हणाल्या. "वाढतेच आहे बघ. तीन मिनिटं झाली बाळा, ठेवते."